अजगराचं जेवण आणि सोलापूरचं ऊन

दुपारी भरपेट जेवून आडव्या झालेल्या माणसाला आपल्याकडे हमखास ऐकून घ्यावं लागतं, ‘काय अजगरासारखा पडलायस!’ खायचं आणि लोळायचं, एवढंच अजगराचं आयुष्य, असं आपण धरून चाललेलो असतो. पण त्यात एक कोडं आहे. हातभर लांबीचं अजगराचं पिल्लू आठवड्याला एक लहानसा उंदीर खातं आणि तेवढ्यावर भागवतं. छोट्या जातीचा पूर्ण वाढलेला अजगर पंधरा दिवसांतून, कधी महिन्यातून एकदा जेवतो. एखाद्या वेळी तर दोन-तीन महिने अन्नाला तोंडच लावत नाही आणि तरीही खंगत नाही. आपल्याला एका कडक उपासाने थकवा येतो, मग या प्राण्याला हे जमतं कसं? आणि जेवल्यावर तो पडून राहतो, तेव्हा खरोखरच काही करत नसतो का?

हा प्रश्न आता नुसत्या कुतूहलाचा उरलेला नाही. मनगटाभोवती वेटोळं घालून बसलेल्या देखण्या छोट्या अजगरांच्या चित्रफिती मोबाइलवर सारख्या समोर येतात. त्या पाहून ‘असा अजगर पाळता येतो का? त्याला खायला काय घालायचं?’ असं तरुण मुलं विचारू लागली आहेत. त्यांना नीट उत्तर द्यायचं तर अजगराचं शरीर चालतं कसं, हे आधी समजून घ्यायला हवं. त्याच्या खाण्यापिण्याची सगळी गणितं शेवटी एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात. ती गोष्ट म्हणजे ऊब.

अजगर कोणता?

आपल्या जंगलांतला भारतीय अजगर सह्याद्रीत, विदर्भात, नदीकाठच्या झाडीत राहतो. तो तीन मीटरच्या पुढेही सहज वाढतो. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत, त्याला जागा दिलेली आहे. तो पकडणं, घरात ठेवणं, विकणं हे सगळं गुन्हा आहे. ‘शेतात सापडलं’, ‘पिल्लू होतं म्हणून जीव वाचवला’ ही सबब चालत नाही. अनुसूची १ मधल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. तेव्हा देशी अजगर पाळण्याचा विषय इथेच संपतो.

चित्रफितींत दिसतो तो बहुतेक वेळा ‘बॉल पायथन’ असतो. हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो जगभर गेला. लांबी तीन ते पाच फूट, नर मादीपेक्षा लहान. घाबरला की डोकं मधोमध लपवून अंगाचा घट्ट चेंडू करतो, त्यावरून हे नाव पडलं. याहून लहान अजगरही आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियातला पिग्मी पायथन जेमतेम दोन फुटांचा असतो आणि तो अजगरांमधला सर्वांत लहान मानला जातो. या लेखात पुढे पाळण्याबद्दल जे काही सांगितलं आहे, ते बॉल पायथनबद्दल आहे.

अंधारात ऊब हेरणारे ओठ

बॉल पायथन रात्री शिकार करतो. त्याच्या वरच्या ओठाच्या कडेला बारीक खड्ड्यांची रांग असते. टॉर्च धरून पाहिलं तर ती साध्या डोळ्यांनाही दिसते. हे खड्डे उष्णता ओळखतात. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी मज्जातंतूंच्या टोकांची दाटी असते. समोरून गरम रक्ताचा उंदीर गेला की त्याच्या अंगाची ऊब तिथे जाणवते आणि मिट्ट काळोखातही त्याची जागा कळते. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड ज्युलिअस यांच्या गटाने २०१० साली दाखवून दिलं, की हे काम ‘ट्रिप-ए-१’ नावाचं एक प्रथिन करतं. हेच प्रथिन आपल्याही शरीरात आहे, मात्र आपल्यात ते मोहरीचा झोंबरेपणा ओळखायच्या कामी येतं.

शिकार टप्प्यात आली की अजगर डोळ्याचं पातं लवायच्या आत झेपावतो. मागे वळलेल्या दातांनी तिला धरतो आणि अंगाचे विळखे घालतो. विळख्यात श्वास कोंडून प्राणी मरतो, अशी समजूत बरीच वर्षं होती. बोआ जातीच्या सापांवर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळंच दिसलं. विळखा आवळल्यावर अवघ्या काही सेकंदांत उंदराच्या धमन्यांतला रक्तदाब निम्म्यावर आला. रक्ताभिसरण थांबतं, मेंदूला आणि हृदयाला रक्त पोहोचत नाही, आणि प्राणी लगेच बेशुद्ध होतो. विळखा घालून मारणाऱ्या सापांची खरी ताकद रक्त अडवण्यात आहे.

आता गिळणं. ‘अजगर जबडा निखळवून गिळतो’ असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात काही निखळत नाही. आपल्या खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी हाडाने जोडलेले असतात, अजगराचे मात्र ताणता येणाऱ्या अस्थिबंधाने जोडलेले असतात. शिवाय खालचा जबडा कवटीला थेट चिकटलेला नसतो. मध्ये एक लांब, हलतं हाड असतं, त्यामुळे तोंडाचा घेर भलताच वाढतो. गिळताना जबड्याची उजवी बाजू पुढे सरकते आणि पकड घेते, मग डावी सरकते. असं करत करत अजगर उंदरावर स्वतःचं तोंड चढवत जातो. तोंड भरलेलं असताना गुदमरू नये म्हणून श्वासनलिकेचं टोक जिभेच्या खालून एका बाजूने बाहेर डोकावतं. जवळून पाहिलं तर ती छोटीशी फिकट नळी उघडताना, मिटताना दिसते.

पोटातलं मंगल कार्यालय

उंदीर पोटात गेला. केस, कातडी, हाडं, सगळं अखंड. आता खरं काम सुरू होतं.

मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर आठवा. लग्नाची तिथी नसते तेव्हा तिथे कुलूप असतं. चुली गार, पातेली पालथी, आचारी आपापल्या गावी. वर्षभर माणसं पगारावर ठेवणं कुणाला परवडणार? लग्न ठरलं की मात्र एका दिवसात भट्ट्या पेटतात, वाढपी येतात आणि हजार पानं उठतात. वऱ्हाड परतलं की पुन्हा कुलूप. आपलं पोट खानावळीसारखं रोज दोन वेळ चालू असतं. अजगराचं पोट मंगल कार्यालयासारखं चालतं.

अमेरिकेतले शास्त्रज्ञ स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड यांनी १९९० च्या दशकात ब्रह्मी (बर्मीज) अजगरांवर केलेल्या प्रयोगांतून हे उघड झालं. उपाशी अजगराच्या जठरात आम्ल जवळजवळ नसतंच. शिकार गिळल्यावर दिवसभरात तिथे इतकं तीव्र आम्ल तयार होतं, की हाडंही विरघळतात. आतड्याचं वजन दोन दिवसांत दुपटीच्या घरात जातं. त्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषणारे सूक्ष्म तंतू असतात, तेही कित्येक पटींनी लांबतात. यकृत, मूत्रपिंडं वाढतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर दोन दिवसांत अजगराच्या हृदयाचं वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. हृदय मोठं व्हायला कारण आहे. या काळात शरीराला लागणारा प्राणवायू कितीतरी पटींनी वाढतो. शांत बसलेल्या अजगराच्या तुलनेत, मोठी शिकार पचवणाऱ्या अजगराचं शरीर चाळीस पटींपर्यंत वेगाने ऊर्जा खर्च करत असतं. धावणाऱ्या घोड्याची गोष्ट असावी असे हे आकडे, पण हा प्राणी एका जागी निपचित पडलेला असतो.

जेवण संपलं, की आठ-पंधरा दिवसांत सगळे अवयव पुन्हा आक्रसतात. कार्यालयाला कुलूप लागतं. सेकॉर यांनी पुढे अजगरांच्या पाच जातींची तुलना केली, तेव्हा बॉल पायथनमध्येही हीच पद्धत दिसली.

या सगळ्या उलाढालीची किंमतही मोठी आहे. शिकारीतून मिळणाऱ्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा तिला पचवण्यातच जातो. तरीही हा व्यवहार अजगराला परवडतो, कारण एरवी त्याला जवळजवळ काही खर्चच नाही. आपण खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग अंगाचं तापमान ३७ अंशांवर ठेवण्यात जळतो. अजगर आतून शेगडी पेटवतच नाही. म्हणून तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जितकं अन्न लागतं, त्याच्या दहाव्या हिश्श्यात, कित्येकदा त्याहूनही कमी अन्नात त्याचं भागतं. महिनोन् महिने उपाशी राहण्याचं गुपित हे असं आहे.

ऊब मात्र बाहेरून लागते

शेगडी नसण्याची एक अडचण आहे. पचनाचं काम विकरांचं असतं, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांचं. विकर उबेत भराभर चालतात आणि गारठ्यात मंदावतात. आपल्या पोटात कायम ३७ अंश असतात, त्यामुळे आपल्याला याची फिकीर नसते. अजगराला मात्र ही ऊब बाहेरून मिळवावी लागते. तीस अंशांच्या आसपास जी शिकार पाच-सहा दिवसांत पचते, तीच वीस अंशांना पचायला दुपटीहून जास्त दिवस लागतात. त्याहून गारठा पडला तर पचन जवळपास थांबतं. मग उंदीर पोटातच कुजायला लागतो आणि जीव वाचवायला अजगर तो ओकून टाकतो. ओकताना आम्लाने अन्ननलिका पोळते, अंगातलं पाणी जातं. लहान पिल्लू दोन-तीन वेळा ओकलं तर त्यातून सावरणं अवघड होतं.

उबेसाठी अजगर काय काय करतो, याचं एक विलक्षण उदाहरण भारतीय अजगराच्या घराण्यातलंच आहे. मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि अंगाचे स्नायू ठराविक लयीत आखडत राहते. पाहणाऱ्याला तिला उचक्या लागल्यासारखं वाटतं. या थरथरीतून उष्णता निर्माण होते आणि बाहेर गारवा असला तरी अंडी उबदार राहतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात एका ब्रह्मी मादीवर केलेल्या मोजमापांतून १९६६ साली हे सिद्ध झालं. या काळात ती सहसा काही खात नाही. साठवलेली चरबी जाळून ती पिल्लांना ऊब देते. बॉल पायथनची मादीही अंड्यांना वेटोळं घालते, पण ती अशी उष्णता निर्माण करत नाही.

सोलापूरच्या ऊन-गारठ्यात

‘आफ्रिकेतला प्राणी आहे, सोलापूरचं ऊन त्याला मानवेलच,’ असं कुणालाही वाटेल. पण आफ्रिकेतही बॉल पायथन उन्हात बसत नाही. तो दिवस उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात काढतो. तिथे अंधार असतो, दमटपणा असतो आणि तापमान फारसं वरखाली होत नाही. पाळलेल्या अजगराला हीच बिळाची हवा द्यावी लागते. पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश आणि दुसरी २५ ते २७ अंश हवी, म्हणजे त्याला हवी ती जागा निवडता येते. हवेतली आर्द्रता साधारण ५० ते ६० टक्के हवी, आणि कात टाकायच्या दिवसांत थोडी अधिक. दोन्ही टोकांना लपायला एकेक अंधारी, घट्ट जागा हवी. उघड्यावर बसावं लागलेला बॉल पायथन भेदरलेला राहतो आणि भेदरलेला अजगर जेवत नाही.

आता हे आकडे सोलापूरशी ताडून पाहा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांना भिडतो. पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्रीही उकाडा हटत नाही. पस्तीस अंशांच्या पुढे अजगराला त्रास सुरू होतो, आणि सुटका नसलेल्या बंद पेटीत तो मरतो. काचेच्या पेटीवर खिडकीतून थेट ऊन पडलं, तर तिथलं तापमान काही मिनिटांतच जीवघेणं होतं. उन्हाळ्यात इथे खरी गरज असते ती गारव्याची. तळमजल्यावरची खोली, जाड भिंत, कूलर यांचा उपयोग होतो. दुपारची कोरडी हवा हा दुसरा शत्रू. तिच्यामुळे कात एकसंध न उतरता तुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरची जुनी खपली तशीच राहते. पाण्याचं मोठं, जड भांडं आणि ओलसर शेवाळ घातलेला एक डबा पेटीत ठेवला तर यावर इलाज होतो.

डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, रात्रीचं तापमान १५ अंशांच्या आसपास आणि कधी त्याच्याही खाली येतं. आपण गोधडी घेतो, अजगराला तसं अंगावर घेऊन भागत नाही. त्याला बाहेरून ऊब पुरवावीच लागते. पेटीच्या एका टोकाखाली हीट मॅट आणि तिच्या जोडीला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या अंशावर वीज आपोआप चालू-बंद करणारं यंत्र, हे दोन्ही लागतं. थर्मोस्टॅट नसेल तर मॅट तापत राहते. अजगराच्या पोटाकडच्या कातडीला खालून येणारा चटका वेळीच कळत नाही, त्यामुळे भाजून जखमा होतात. वीज जाते तेव्हाचीही सोय हवी. हिवाळ्यात जेवण दिल्यावर रात्रभर वीज गेली, तर पोटातला उंदीर तसाच पडून राहील. एका वाक्यात सांगायचं तर अजगर पोसायचा म्हणजे आधी तापमान सांभाळायचं.

जेवण द्यायचं कसं

अंड्यातून बाहेर आलेलं बॉल पायथनचं पिल्लू ५० ते ७० ग्रॅमचं असतं. पोटात उरलेल्या पिवळ्या बलकावर ते पहिले काही दिवस काढतं, पहिली कात टाकतं आणि मग त्याला भूक लागते. त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के वजनाचा उंदीर पाच-सात दिवसांतून एकदा, हा सुरुवातीचा हिशेब. वजनकाटा नसेल तर अंगाच्या सर्वांत जाड भागाइतक्या जाडीचा उंदीर द्यावा. जेवणानंतर पोटावर हलकासा फुगवटा दिसला म्हणजे माप बरोबर आहे. अजगर वाढेल तसं जेवणातलं अंतर वाढवायचं. दीड किलोच्या आसपासच्या प्रौढाला वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपासचा उंदीर दोन ते चार आठवड्यांनी पुरतो. ‘बिचारा उपाशी आहे’ म्हणून दर चार दिवसांनी खायला घातलं, तर अजगर लठ्ठ होतो, यकृतावर चरबी चढते आणि आयुष्य घटतं.

उंदीर मेलेला, गोठवून ठेवलेला आणि नीट वितळवलेला असावा. जिवंत उंदीर कोपऱ्यात सापडला की चावतो. त्याचे दात अजगराच्या पाठीचं मांस उकरतात, डोळा फोडतात. घरात किंवा धान्याच्या गोदामात पकडलेला उंदीर मुळीच देऊ नये. त्याने विषाच्या गोळ्या खाल्लेल्या असू शकतात आणि ते विष अजगराच्या पोटात उतरतं. शिवाय जंत, गोचिड्या असतातच. कोंबडीचे तुकडे, अंडं, दूध, भात यांतलं काहीही चालत नाही. अजगराला हाडांतून कॅल्शियम आणि यकृतातून जीवनसत्त्वं मिळतात, म्हणून त्याला अखंड प्राणीच लागतो. दूध तर कुठल्याच सापाचं अन्न नाही.

रीत अशी. आदल्या रात्री उंदीर फ्रीजरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून ती कढत नसलेल्या, गरम पाण्यात बुडवावी. बोटाने पोट दाबून पाहावं, आतला भागही मऊ आणि कोमट लागायला हवा. मायक्रोवेव्हमध्ये घालू नये, त्यात बाहेरचा भाग शिजतो आणि आतला गोठलेलाच राहतो. मग उंदीर कोरडा पुसून लांब चिमट्यात धरावा आणि अजगराच्या तोंडापुढे सावकाश हलवावा. तो ऊबदार असणं गरजेचं आहे, कारण अजगराच्या ओठांवरच्या खड्ड्यांना गार उंदीर शिकार वाटतच नाही. हातात उंदीर धरण्याची चूक करू नये. उंदराचा वास आणि आपल्या बोटांची ऊब एकत्र आली, की अजगराचा निशाणा बोटांवर लागतो.

जेवल्यानंतर किमान दोन दिवस त्याला उचलू नये. पोटात काम चालू असताना हाताळणी झाली तर तो ओकतो. आणि प्रत्येक वेळी पेटीला, पाण्याच्या भांड्याला किंवा अजगराला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि घरातल्या लहान मुलांना त्यांचा त्रास लवकर होतो.

जेवत नसेल तर

बॉल पायथन उपासासाठी प्रसिद्ध आहे. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे दुधाळ निळसर होतात, तेव्हा तो सहसा खात नाही. थंडीच्या दिवसांत किंवा विणीच्या काळात प्रौढ नर-माद्या महिनोन् महिने अन्न नाकारतात. अशा वेळी घाबरून तोंडात बळेच उंदीर कोंबायचा नाही. आधी तापमान तपासायचं, मग लपायची जागा, मग आर्द्रता. बहुतेक वेळा कारण या तिघांतच सापडतं. दर आठवड्याला वजन करून वहीत लिहून ठेवावं. वजन टिकून असेल तर धीर धरावा. प्रौढाचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं, नाकातून फेस आला, श्वास घेताना घरघर होऊ लागली किंवा तोंड उघडंच राहू लागलं, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडे न्यावं. असा पशुवैद्यक जवळपास आहे का, याची चौकशी अजगर घरी आणायच्या आधीच करायला हवी.

आणखी एक विचार आधीच करायला हवा, तो वर्षांचा. बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात साठी ओलांडलेल्या एका मादीने २०२० साली अंडी घातली होती. कॉलेजात असताना आणलेला अजगर नोकरी, लग्न, घरबदल या सगळ्यातून आपल्याबरोबर येणार असतो.

कायदा काय म्हणतो

बॉल पायथन ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. धोक्यात येऊ शकणाऱ्या प्राण्यांच्या व्यापारावर हा करार नियंत्रण ठेवतो. आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सायटीसमधले प्राणी कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आले. त्यापाठोपाठ २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नोंदणीचे नियम निघाले. ज्यांच्याकडे असे प्राणी होते, त्यांना नोंदणीसाठी सहा महिन्यांची मुदत होती. त्यानंतर प्राणी घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत ‘परिवेश २.०’ या सरकारी संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करायचा असतो. म्हणजे कागदपत्रं नसलेला बॉल पायथन घरात ठेवणं बेकायदा आहे, मग तो कितीही लहान असो.

ही कागदपत्रं का महत्त्वाची, हे मुंबईत उघडकीला आलेल्या प्रकरणांतून समजतं. महसूल गुप्तचर संचालनालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्या हवाई मालवाहतूक संकुलात शोभेच्या माशांच्या नावाखाली आलेले ६६५ विदेशी प्राणी पकडले. त्यांत अजगरही होते. त्यांपैकी ११७ प्राणी पेट्या उघडल्या तेव्हा मेलेले होते. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत कोंबलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले. स्वस्तात, पावतीविना मिळणारं पिल्लू अशाच वाटेने आलेलं असण्याची दाट शक्यता असते.

कंटाळा आला म्हणून पाळलेला अजगर भीमेकाठी किंवा उजनीच्या फुगवट्यात सोडून देणं हाही मार्ग नव्हे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत पाळीव म्हणून आणलेले ब्रह्मी अजगर मोकळे सुटले. त्यांची तिथे इतकी वाढ झाली की रकून, पोसम यांसारखे स्थानिक प्राणी कित्येक भागांतून दिसेनासे झाले.

माळावरचं ‘अजगराचं पिल्लू’

सोलापूरच्या कोरड्या माळरानात खरा अजगर क्वचितच भेटतो. तरी पावसाळ्यात ‘अजगराचं पिल्लू सापडलंय’ असं ऐकू येतं. ते बहुतेक वेळा दोन सापांपैकी एक असतं, आणि त्या दोघांत जीवन-मरणाचा फरक आहे.

पहिला डुरक्या घोणस. बिनविषारी, जाडजूड, आखूड, शेपटी खरखरीत आणि टोकदार. अंगावर तपकिरी रंगाचे वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले ठिपके असतात. दुसरी खरी घोणस. हिच्या अंगावर गडद, लंबगोल ठिपक्यांच्या तीन रेखीव रांगा साखळीसारख्या असतात. डोकं त्रिकोणी, मानेपासून वेगळं उठून दिसणारं असतं. चिडली की ती मोठा, लांबलचक फुत्कार सोडते. भारतात सर्पदंशाने सर्वाधिक बळी घेणाऱ्या सापांत तिची गणना होते. घोणस पिल्लांनाच जन्म देते आणि ते वीतभर पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारी असतं. अजगर समजून घोणस हातात घेतल्यामुळे जीव गेल्याच्या घटना महाराष्ट्रात घडलेल्या आहेत. माळावरचा तिसरा जाड साप म्हणजे मांडूळ. शेपूट बोथट म्हणून त्याला ‘दोन तोंडांचा’ म्हणतात आणि गुप्तधनाच्या खुळापायी त्याची तस्करी होते. हे तिन्ही साप उंदीर खाऊन शेतकऱ्याचं धान्य राखतात आणि तिघांनाही कायद्याचं संरक्षण आहे.

चौकट : थोडक्यात लक्षात ठेवा

- भारतीय अजगर, मांडूळ, डुरक्या घोणस यांतला कुठलाही साप पाळणं गुन्हा आहे.
- बॉल पायथनसाठी कायदेशीर खरेदीची कागदपत्रं आणि ‘परिवेश २.०’ वरची नोंदणी आवश्यक आहे.
- पेटीची उबदार बाजू ३१ ते ३३ अंश, गार बाजू २५ ते २७ अंश. हीट मॅटला थर्मोस्टॅट हवाच.
- पिल्लाला पाच-सात दिवसांनी, प्रौढाला दोन ते चार आठवड्यांनी जेवण. उंदीर मेलेला, वितळवलेला आणि कोमट.
- जेवणानंतर दोन दिवस हाताळणी नाही. अजगर ओकला तर आधी तापमान तपासा.
- साप दिसला तर दूर राहा आणि वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा. दंश झाला तर १०८ वर फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठा.

शेवटचा सल्ला

अजगराबद्दल ओढ वाटणं चांगलंच आहे. ज्या प्राण्याला पाहून माणसं काठी शोधतात, त्याचं पोट, हृदय, ओठ कसे चालतात हे जाणून घ्यावंसं वाटणं ही मोठी गोष्ट आहे. पण ती ओढ भागवायला अजगर विकत घ्यावा लागत नाही. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं पुण्यातलं कात्रजचं सर्पोद्यान सोलापूरहून एका दिवसात पाहून येण्यासारखं आहे. तिथे काचेपलीकडचा अजगर निवांत पाहा, मुलांनाही दाखवा. पाळायचाच असेल तर वीस-तीस वर्षांची जबाबदारी, मे महिन्यातला गारवा, जानेवारीतली ऊब आणि सरकारी नोंदणी या चारही गोष्टींची तयारी आहे का, हे स्वतःला विचारा. यातली एक जरी जमणार नसेल, तर अजगर घरी आणू नका.